माझ्या चुलत सासूची टोळी

देवानं माणसाला दोन हात कशासाठी दिले, या प्रश्नाचं पक्कं उत्तर अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात फक्त एका बाईकडं आहे आणि ती बाई माझी चुलत सासू आहे. तिच्या मते हात दिले ते रानात कामाला लावण्यासाठी. त्या हातांनी जेवणं, डोक्याला टेकू देऊन बसणं, देवापुढं जोडणं हे सगळे फावल्या वेळातले उपयोग. तिला सगळं गाव काकू म्हणतं. तिच्याहून वडील माणसं काकू म्हणतात, ट्रॅक्टरवाले काकू म्हणतात, आणि एकदा तपासणीला आलेला एक मोठा साहेबही जाताना, "बरं काकू, येतो," म्हणून गेला. काकू बायांच्या टोळीची मुकादमीण. हळदीचा पाला कापणं, हळद काढणं, निंदणी, कापूस वेचणी, सोयाबीनची सोंगणी, यांतलं जे काम निघेल त्याला तीस-चाळीस बाया घेऊन जाणं हा तिचा धंदा. आमचं गाव कुरुंद्याच्या अलीकडं, रस्त्यापासून थोडं आत आहे. इथं पारावर एका बाजूला शेतकरी बसून रडतो की माणूस मिळत नाही आणि दुसऱ्या बाजूला पोरं बसून रडतात की काम मिळत नाही. दोन्ही बाजूंचं रडणं एकमेकांना ऐकू जात नाही. काकूला मात्र दोन्ही ऐकू यायचं आणि दोघांचाही सारखाच राग यायचा.

मला बघायला आले तेव्हा ती पाहुण्यांत होती. बाकीच्या बायांनी मला रीतीप्रमाणं स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, शिक्षण किती, असं विचारलं. मी बी.ए.चं दुसरं वर्ष म्हटलं. काकू इतका वेळ पोह्यांतले शेंगदाणे वेगळे काढून खात होती. तिनं मान वर करून विचारलं, "भांडता येतं का?" माझ्या वडिलांना ठसका लागला. माझी होणारी सासू पदरात तोंड लपवू लागली. काकू शांतपणे म्हणाली, "काहून? चुकीचं काय इचारलं? मुक्या बाईला लोक चार तास जादा राबवून घेतात." मी खाली बघत हळूच म्हटलं, "येतं थोडं थोडं." काकूनं पोह्यांची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं, "करा मग. पोरगी बराबर हाय." माझ्या लग्नाचा निर्णय या एका मुलाखतीवर झाला, असं मी आजही नवऱ्याला ऐकवत असते.

रिकामा माणूस दिसला की काकूच्या जिवाची तगमग होते. लग्नात अक्षता पडेपर्यंत तिला धीर धरवत नाही. मंगलाष्टकं चालू असतानाच ती शेजारच्या बाईच्या कानाशी लागून, "तुमच्याकडच्या बाया सध्या रिकाम्या हाईत का वो?" असं विचारून घेते. श्रावणात एका सोमवारी आम्ही औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. रांग लांबच लांब. मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते, काकू पुढच्या-मागच्या बायांचं गाव, शिवार आणि हाताची चपळाई विचारत होती. आम्ही गाभाऱ्यात पोचेपर्यंत तिची निंदणीची एक नवी टोळी उभी राहिली होती. देवापुढं तिनं घाईघाईनं हात जोडले आणि म्हणाली, "येते बाबा पुन्हा. बाया बाहेर थांबल्यात." नागनाथाला तिचा स्वभाव ठाऊक असणार, कारण त्या वर्षी निंदणी अगदी वेळेवर उरकली.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांवर तिचा विशेष डोळा. सकाळी पळून आल्यावर ही पोरं पारावर मोबाइल घेऊन दुपारपर्यंत बसतात. काकू त्यांच्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "पळून पळून कुठं चाललात रे? चला, हळदीची पोती उचला. छाती आपोआप फुगंल." पोरं हसायची, पण दोघं-तिघं उठायचीही. त्यांतला एक पोरगा खरंच भरती झाला. पेढे घेऊन काकूच्या पाया पडायला आला, तर तिनं त्याला आशीर्वाद देता देता विचारलं, "सुट्टी कवा मिळती? फागुनात मिळाली तं बघ, हळद काढायची हाय." पोरगं आता मुंबईला बंदोबस्तावर असतं. एकदा त्यानं मला सांगितलं, "वहिनी, साहेब ओरडले की मला काकूची आठवण येते, मग साहेब एकदम मवाळ वाटायला लागतात."

टोळीचे तिचे कायदे अजब होते. कामाला न्यायला एक जुनी मॅजिक गाडी यायची. त्या गाडीत ज्या दोन बायांचं भांडण झालं असेल त्यांनी शेजारी शेजारी बसायचं. खड्ड्यांचा रस्ता असा, की शेजारणीला धरल्याशिवाय बसणंच शक्य नाही. वसमत रोडला लागेपर्यंत बहुतेक भांडणं मिटायची. दुसरा कायदा दुपारच्या जेवणाचा. सगळ्यांच्या भाकरी एका कापडावर, सगळ्यांची कोरड्यासं, म्हणजे भाज्या-कालवणं, मधोमध, आणि जिला जे आवडेल ते तिनं उचलायचं. टोळीत तांड्यावरच्या बाया होत्या, बौद्धवाड्यातल्या होत्या, आमच्या आळीतल्या होत्या. एकदा आमच्याच आळीतली एक बाई नव्यानं टोळीत आली आणि डबा घेऊन लांब बोरीखाली जाऊन बसली. का बसली ते सगळ्यांना कळलं. बौद्धवाड्यातल्या एका म्हातारीनं तर आपली तिळाची चटणी हळूच पुन्हा डब्यात भरायला घेतली. काकू उठली. तिनं कापडाची चार टोकं भाकरींसकट चार बायांच्या हातात दिली आणि सगळी पंगत उचलून त्या बोरीखाली नेली. "तू न्हाई येत तं आमी येतो," एवढंच तिला म्हणाली. बोरीचे काटे सगळ्यांनाच टोचले. त्या बाईनं मान खाली घालून पहिला घास तिळाच्या चटणीचा घेतला आणि पुढं कधी ती लांब बसली नाही.

आता उपरण्याविषयी सांगितलं पाहिजे, कारण माझं पुढचं सगळं आयुष्य त्या उपरण्यानं फिरवलं. काकूचा नवरा, म्हणजे माझे चुलत सासरे, लवकर गेले. लेकरूबाळ नव्हतं. त्यांचं एक पांढरं उपरणं काकू कामाच्या दिवसांत डोक्याला बांधायची. हळदीनं, मातीनं आणि घामानं त्याचा मूळ रंग कोणता होता हे फक्त तिलाच आठवत असेल. एखादा शेतकरी टोळी मागायला आला की काकू त्याच्याकडून त्याच्या हाताला लागेल ती एक बारीक वस्तू मागून घ्यायची आणि उपरण्याच्या कडेला गाठीत बांधायची. कुणी सुपारी द्यायचा, कुणी हळकुंड, कुणी शर्टाचं बटण. एकानं मोटारीचा नट दिला होता. वस्तूवरून माणूस कळायचा आणि गाठींच्या क्रमावरून नंबर. एका टोकाकडून गाठ सोडायची, त्या शेतकऱ्याचं रान उरकायचं, मग पुढची. फोनवर ती कुणाचंही काम धरत नसे. "फोनला गाठ मारता येत न्हाई," म्हणायची. आणि नंबर कितवा हे ती शेतकऱ्याला कधी सांगायची नाही. सांगितलं की लोक मागं-पुढं करायला भांडतात, असा तिचा अनुभव. त्यामुळं गावातला प्रत्येक शेतकरी आपला नंबर पहिलाच आहे अशा समाधानात झोपायचा.

काकूचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. माझी सासू आणि काकू जावा-जावा, पण दोघींत जमीन-अस्मानाचं अंतर. माझ्या सासूचं दैवत म्हणजे साबण. ती सरपणसुद्धा धुवायला कमी करणार नाही. आपली थोरली जाऊ दुसऱ्याच्या बांधावर जाते याची तिला मनातून लाज होती. "आमच्या घरची सून कुणाच्या वावरात गेली न्हाई," हे वाक्य ती दिवसातून एकदा तरी भिंतीपलीकडं ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची. घरची सून म्हणजे मी. ज्या वर्षी उपरण्याचं प्रकरण घडलं, त्याच वर्षी माझा नवरा चाकणच्या कंपनीतून घरी परत आला होता. कंत्राटी कामगारांना ब्रेक देतात, तसा त्याला दिला होता, आणि तो ब्रेक काही संपेना. आम्ही पुण्याकडची खोली सोडून, लेकीला घेऊन गावी आलो. सासऱ्यांचं चार एकर रान, त्यात चार माणसांना वर्षभर पुरेल एवढं काम नाही. नवरा दिवसभर फोनकडं बघत बसायचा. मी भांडी घासायची, सासूबाई ती पुन्हा घासायच्या. लेकीला पाटी-पेन्सिल पाहिजे झाली तरी मला सासूबाईंच्या तोंडाकडं बघावं लागायचं, आणि त्या देत नव्हत्या असं नाही, पण देताना एक सुस्कारा टाकायच्या. तो सुस्कारा मला रात्रभर ऐकू यायचा. भिंतीपलीकडं पहाटे गाडीचा हॉर्न वाजायचा, बायांचा कालवा व्हायचा, गाडी निघून जायची, आणि मी चुलीपुढं बसून विचार करायची की त्या गाडीत माझ्यापुरती जागा असेल का. विचारायची हिंमत मात्र नव्हती. काकूनंही कधी बोलावलं नाही. दुसऱ्याच्या घरातली सून न विचारता उचलायची नाही, हाही तिचा एक कायदा होता.

ऐन हळद काढणीच्या आदल्या दिवशी काकू जवळा बाजार गावच्या आठवडी बाजाराला गेली. जाताना उपरणं आमच्या दोघींच्या सामाईक ओट्यावर विसरली. सासूबाईंनी ते बघितलं. आता जाऊ म्हणून लाज वाटत असली तरी माया होतीच. बिचारीला कपडे धुवायला वेळ मिळत नाही, म्हणून सासूबाईंनी उपरणं सोड्यात भिजवलं, सगळ्या गाठी नखानं सोडल्या, दगडावर आपटून आपटून धुतलं आणि नीळ घालून वाळत टाकलं. गाठींतल्या वस्तू त्यांनी धुऊन पुसून एका ताटलीत मांडून ठेवल्या. संध्याकाळी काकू आली, दोरीवरचं पांढरंशुभ्र उपरणं बघितलं आणि मटकन खाली बसली. सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या, "कसं निघालं बघा, जाऊबाई. नव्यावानी." काकूनं ताटलीतली सुपारी उचलली, नट उचलला, बटण उचललं. कोण कोण आहे ते कळत होतं. कोण आधी आणि कोण नंतर, ते सगळं साबणाच्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेलं होतं. "अगं बये," ती म्हणाली, "गावची हळद धुऊन टाकलीस की तू!"

अशी बातमी गावात दडत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत काकूच्या दारात तीन वाहनं उभी. एक माजी सरपंचाची, एक रिटायर झालेल्या एस.टी. कंडक्टरची, एक ज्याचं लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं त्या पोराची. तिघांचंही म्हणणं एकच, की पहिली गाठ माझी. सरपंच म्हणाले, मी सुपारी दिली, सुपारीचा मान पहिला. कंडक्टर म्हणाले, आयुष्यभर लोकांना रांगेत उभं केलं, मला रांग शिकवू नका. नवरदेव नुसता घाम पुसत उभा. त्याची हळद लागायच्या आधी वावरातली हळद निघायला पाहिजे होती. पाला कापून झालेला, जमिनीला पाणी बंद केलेलं. आणखी वाळली तर जमीन कुदळीला दाद देत नाही, हे तिघांनाही माहीत होतं. काकू ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "भांडू नका. तिघांकडं आजच येतो. टोळीचे तीन तुकडे करते." सरपंच म्हणाले, "तुमच्याकडं बाया किती, काकू? तिघांना पुरतील का?" काकू म्हणाली, "माणसं गावात हाईत. मला फक्त दारं वाजवायला पाहिजेत."

आणि तिनं दारं वाजवली. त्या सकाळी आमच्या आळीत जे घडलं ते निवडणुकीतही घडत नाही. पार्लरवाली बाहेर आली, शिंपी मशीन झाकून बाहेर आला, भरतीची पोरं आली, सासरी रुसून माहेरी आलेली एक पोरगी आली. शेवटी काकू आमच्या दारात येऊन उभी राहिली. मी आत पीठ मळत होते, माझे हात थांबले. काकू माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती सासूबाईंना म्हणाली, "तुझ्या साबणानं माझी टोळी फोडली. आता तुझ्या घरातलं एक माणूस दे." सासूबाईंचा चेहरा उतरला. चूक कबूल होती, त्यामुळं नाही म्हणता येईना. "मीच येते," त्या म्हणाल्या.

"तू येशील तं एकेक कंद धुवत बसशील. सून दे."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पिठाचे हात तसेच धरून उभी होते. माझा जीव अगदी कानात गोळा झाला होता. शेवटी त्या म्हणाल्या, "एका दिवसापुरती हं." मी हात धुतले की नाही ते मला आठवत नाही. नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवला आणि गाडीत जाऊन बसले.

हळद काढणं सोपं नाही. गडी कुदळीनं गड्डे उपसत पुढं जातात, बायांनी मागून माती झाडून कंद मोडायचे, मधले जाड गड्डे वेगळे, बोटांएवढी हळकुंडं वेगळी. दुपारपर्यंत माझी नखं दुखायला लागली, कंबर माझी राहिली नाही. तशात शेजारच्या तासातली, म्हणजे ओळीतली, बाई माझ्या ढिगातले कंद आपल्या ढिगात ओढायला लागली. मी आधी एकदा सांगितलं, मग दुसऱ्यांदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा असा आवाज चढवला की कुदळवाले थांबले. चाकणचा ब्रेक, सासूबाईंचा सुस्कारा, सगळं त्या बिचारीच्या अंगावर निघालं. काकू लांबून पळत आली. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती बाकीच्यांना हाताच्या खुणेनं मला दाखवत म्हणाली, "भांडली! टिकती ही!" संध्याकाळी गाडीत तिनं मला त्याच बाईशेजारी बसवलं. ती आज माझी जिवाभावाची मैत्रीण आहे.

तो एक दिवस अजून संपलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारापुढं हॉर्न वाजला, मी सासूबाईंकडं बघितलं, त्यांनी भिंतीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "डबा घेतलास का?" आठवडा झाल्यावर नवऱ्याचा फोनमधला जीव बाहेर आला. बायको कामाला जाते आणि आपण घरी, हे त्याला खुपू लागलं. त्यानं काकूला टोचून काही बोलायच्या आत काकूनंच त्याला विचारलं, "कंपनीत काय करत व्हतास?" तो म्हणाला, "गाड्यांचे दरवाजे बसवत होतो." काकू म्हणाली, "मग आता दरवाजा उघड, आत बस आन् गाडी चालव. आपला डायवर सोडून चालला." तेव्हापासून टोळीची मॅजिक माझा नवरा चालवतो. पुढं मी काकूला एकदा स्पष्टच विचारलं, की उपरणं त्या दिवशी मुद्दाम ओट्यावर टाकलं होतंत का, माझ्यासाठी? मला वाटलं, हसेल, डोळे मिचकावेल. ती भडकलीच. "येडी हाईस का? माझा जीव जायचा राहिला व्हता त्या दिवशी!" उपकार करताना तो उपकार आहे हे माहीत नसण्याचा मान फार थोड्यांना मिळतो. आमच्या काकूनं आयुष्यभर तेच केलं.

आता टोळी मी चालवते. कामं फोनवर ठरतात, बायांचा ग्रुप आहे, त्यावर रात्रीच कुठं जायचं ते टाकते. काकू म्हणते, "ह्या ग्रुपवर निस्ते गुलाबाची फुलं येतात, माणूस एक येत न्हाई." तिचे गुडघे गेले. नांदेडच्या डॉक्टरांनी रानात जायचं नाही म्हणून सांगितलं. पहिले काही महिने तिनं घरात बसून सगळ्यांना कामाला लावलं. मग हळूहळू ती ओट्यावर येईनाशी झाली. सासूबाई भिंतीवरून कालवण द्यायच्या, ते तसंच राहायचं. "बसून खायाला गोड लागत न्हाई," म्हणायची. मी म्हटलं, "काकू, नुसत्या चला, बांधावर बसा." तर म्हणाली, "मी काय बुजगावणं हाय?" जिनं साऱ्या गावाच्या हाताला काम दिलं, तिच्याच हाताला काम उरलं नव्हतं. मला तिच्या जिवाची भीती वाटायला लागली होती, खोटं कशाला बोलू. असंच चाललं तर ही बाई पुढची हळद बघणार नाही, असं सासूबाई मला पदर डोळ्याला लावून म्हणाल्या होत्या.

या वर्षी काढणीच्या तोंडावर तांड्यावरच्या दोघी-तिघी म्हणाल्या, आम्हाला यायला जमणार नाही, अंगावरची लेकरं आहेत, घरी सांभाळायला कुणी नाही. मी त्याच संध्याकाळी काकूकडं गेले. जवळ बसले नाही, उंबऱ्यात उभी राहिले, शेतकरी तिच्याकडं यायचे तशी, आणि म्हणाले, "काकू, एक माणूस पायजे."

ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "काय काम हाय?"

"लेकरं सांभाळायची. झाडाखाली झोळ्या बांधून देऊ. बाया तिकडं कामात असतील."

"कितीक लेकरं?"

"चार-पाच."

आता ती उठून बसली. "मजुरी?"

"बाकीच्या बायांएवढीच."

"च्या?"

"दोन वेळेला."

"लेकरं म्हंजी तकलीफीचं काम हाय," काकू म्हणाली. "हळद रडत न्हाई. तीन वेळेला च्या पायजे." मी नाही म्हटलं. आम्ही दोघी बराच वेळ भांडलो. सासूबाई भिंतीपलीकडून ऐकत होत्या, त्या मधेच ओरडल्या, "अगं, देऊन टाक की!" मी शेवटी तीन चहा कबूल केले. काकूनं त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या, हे सासूबाईंनी मला येऊन सांगितलं.

सकाळी गाडी यायच्या आधीच ती काठी टेकत रस्त्यावर उभी होती. दिवसभर लिंबाखाली तिचं राज्य चाललं. एका हातानं एक झोळी, पायाच्या अंगठ्याला दोरी बांधून दुसरी. जे लेकरू नुकतं चालायला लागलं होतं त्याला तिनं खडे वेचायला लावलं होतं. "आत्तापासून सवय असावी," म्हणाली. लेकरांच्या आया काम करता करता वळून बघायच्या आणि पुन्हा खाली वाकायच्या. मीही बघायची. मला तिथंच बांधावर तिला मिठी मारून रडावंसं वाटत होतं, पण मुकादमिणीला ते शोभत नाही, हेही मला तिनंच शिकवलेलं.

परतताना ती माझ्या शेजारी बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी नवऱ्याला म्हटलं, खड्डे बघून सावकाश घे. तो आधीपासूनच सावकाश घेत होता. तिच्या केसांना लेकरांच्या दुधाचा वास येत होता. आजवर या बाईचे आभार कसे मानावेत हे मला सुचलं नव्हतं, कारण आमच्याकडं आभार मानायची रीत नाही. त्या रस्त्यावर मी ते मनातल्या मनात मानले. घर आलं. मी तिला धरून उतरवलं. ती काठी सावरत उभी राहिली आणि टोळीतल्या कुठल्याही बाईनं मला विचारावं तसं तिनं विचारलं, "उद्या कुठं जायचं?"

मी तिला सांगितलं. "लवकर तयार राहा, काकू," असं म्हणून तिचा रिकामा डबा तिच्या हातात दिला.

"माहीत हाय," ती म्हणाली आणि उद्याच्या भाकरीचं पीठ बघायला आत गेली.